झाडाचे वय कोण ठरवते?

माननीय नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पर्जन्यवृक्ष होता. गेल्या वर्षी त्याच्या खोडावर तोडीची नोटीस लागली. त्यात झाडाच्या नावापुढे ‘वय 35’ आणि शेऱ्यात ‘काढून टाकणे’, एवढेच. समोरच्या घरातल्या आजींना लग्न होऊन इथे येऊन 58 वर्षे झाली. त्या आल्या तेव्हाही या झाडाच्या सावलीत टांगे उभे असायचे, असे त्या सांगतात. मी छातीच्या उंचीवर टेप गुंडाळून घेर मोजला, फोटो काढले आणि मुदतीत लेखी हरकत दिली. ‘नोंद घेतली आहे’ असे उत्तर आले, आणि काही दिवसांत झाड गेले.

35 की 58, हा वाद किरकोळ नाही. 1975 च्या आपल्या झाडांच्या कायद्यात 2021 साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार 50 वर्षे किंवा त्याहून जुने झाड हेरिटेज, म्हणजे वारसा वृक्ष, ठरते. शिवाय तोडलेल्या झाडाचे जितके वय, तितकी नवी झाडे लावायची आहेत. रोपे सहा ते आठ फुटांची हवीत, त्यांचे जिओटॅगिंग, म्हणजे नेमक्या जागेची डिजिटल नोंद, हवे आणि सात वर्षे निगा राखायची आहे. तरतूद चांगली आहे, पण ती सगळी वयाच्या एका आकड्यावर उभी आहे. आकडा 15 ने कमी लिहिला की 15 झाडांची जबाबदारी तिथेच संपते. म्हणून हा आकडा झाड तोडू पाहणाऱ्याच्या अर्जातून जसाच्या तसा उचलला जाता कामा नये.

नुसत्या घेरावरून वय काढता येत नाही, हे मलाही कळते. पर्जन्यवृक्ष झपाट्याने फोफावतो, चिंच सावकाश वाढते. माती आणि पाणीही फरक पाडतात. म्हणूनच विनंती आहे की वय कसे काढले, घेर किती भरला आणि पाहणी कोणी केली, हे नोटिशीवरच छापायला लावा. जुने नकाशे, जुने फोटो, शेजाऱ्यांची माहिती पुरावा म्हणून धरा. वयाबद्दल हरकत आली, तर अर्जदाराशी संबंध नसलेल्या वनस्पतितज्ज्ञाकडून ते पुन्हा तपासून घ्या आणि निर्णय कारणांसह लेखी द्या. धोकादायक झाडाची गोष्ट वेगळी. ते पडायची वाट कोणी पाहू नये.

आणखी एक. परवानगी आणि कुऱ्हाड यांत दाद मागण्याइतका वेळ खरोखर मिळू द्या. 4 ऑक्टोबर 2019 ला मुंबई उच्च न्यायालयाने आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी होणाऱ्या झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली, तोवर 2,000 हून अधिक झाडे पडली होती.

आमच्या गल्लीत आता बुंधा तेवढा उरला आहे. त्यावरची वर्तुळे अजून मोजता येतील. कोणी अधिकारी येणार असतील, तर मी टेप घेऊन सोबत उभा राहीन.

आपला,
एक नागरिक