झोळी ताणून बांधू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत रानातल्या मुक्कामावरचा लेख वाचला. लेख चांगलाच आहे, पण सोबतच्या छायाचित्राने मला स्वस्थ बसू दिलं नाही. दोन झाडांमध्ये हॅमॉक, म्हणजे टांगून झोपायची कापडी झोळी, खाटेसारखा ताठ बांधलेला आणि त्यात एक मुलगी मधोमध, सरळ, पाय जुळवून झोपलेली. दहा मिनिटं पडायला हरकत नाही. पण अख्खी रात्र तशी काढायची म्हटली तर पोटऱ्या भरून येतात, टाचा ठणकतात, आणि माणूस ‘आपल्याला हे झेपत नाही’ म्हणून हॅमॉक माळ्यावर टाकतो. मीही टाकणारच होतो, म्हणून हे पत्र.

मी तळेगावचा निवृत्त शिंपी, वय ६३. ३४ वर्षे पायाचं शिलाई मशीन चालवलं. दोन्ही पोटऱ्यांवर शिरा फुगलेल्या आहेत, त्यामुळे पायांची काळजी मला इतरांपेक्षा जास्त. डोंगरात जाणं मात्र सुटलं नाही. जमिनीवर झोपलं की कंबर धरते, म्हणून तीन वर्षांपूर्वी मुलाने ही झोळी आणून दिली. (हॅमॉकला मी झोळीच म्हणतो.) पहिला मुक्काम राजमाचीला, उधेवाडीजवळ, डिसेंबरात. संध्याकाळी हात लावला की टणटण वाजेल इतकी ओढून बांधली. रात्री दोनच्या सुमाराला जाग आली ती उजव्या पावलाला मुंग्या येऊन. पोटऱ्यांखाली काठी ठेवल्यासारखं वाटत होतं आणि गुडघे उलटे दाबले जात होते. उरलेली रात्र गावातल्या एका ओटीवर, मित्राच्या मॅटचा अर्धा भाग मागून काढली. वाटलं, वय झालं.

घरी आल्यावर शिंप्याच्या नजरेने त्या कापडाकडे पाहिलं. दोन्ही टोकांना कापड चुण्या घालून गोळा केलेलं असतं. त्या दोन टोकांना जोडणारी मधली रेघ सगळ्यात ताठ, बाजूचं कापड सैल. झोळी जितकी ओढावी तितकी ही रेघ कडक होते. माणूस तिच्यावरच सरळ झोपला की अंग केळ्यासारखं वाकतं, पाय वर उचलले जातात, टाचा कापडात रुततात आणि गुडघ्यांखाली मात्र काहीच नसतं. पायांचं सगळं वजन टाचा आणि पोटऱ्या पेलतात, गुडघा रात्रभर उलट्या दिशेने ताणलेला राहतो. दुखणार नाही तर काय!

याला पहिला उपाय म्हणजे ढील. दोरी झाडाकडे जाताना आडव्या रेषेशी साधारण ३० अंशांचा कोन झाला पाहिजे. तर्जनी आडवी धरा आणि अंगठा तिच्याशी काटकोनात वर उघडा. अंगठ्याच्या टोकापासून तर्जनीच्या टोकापर्यंत जी तिरकी रेघ होते, तेवढा उतार दोरीला हवा. यात झाडांचाही फायदा आहे. ३० अंशांवर ७० किलोच्या माणसामुळे प्रत्येक दोरीवर ७० किलोच ताण येतो. तोच कोन १० अंशांवर आणला तर प्रत्येक दोरीवर २०० किलोच्या आसपास ताण जातो. छायाचित्रातल्या त्या पोफळीला काय वाटत असेल याचा विचार करा. बारीक पोफळीला झोळी बांधूच नये, आणि जाड झाडालाही सुतळीसारखी दोरी न बांधता निदान इंचभर रुंद पट्टा वापरावा, म्हणजे साल कापत नाही.

दर वेळी कोन मोजायचा कंटाळा असेल तर झोळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वरून एक पक्क्या मापाची दोरी बांधून ठेवावी. तिची लांबी झोळीच्या लांबीच्या ८३ टक्के. माझी नवी झोळी ११ फुटांची, म्हणजे १३२ इंच, आणि वरची दोरी ११० इंच. झाडं जवळ असोत की लांब, झोल रोज तेवढाच पडतो.

दुसरी गोष्ट, तिरकं झोपायचं. डोकं मधल्या रेघेपासून वीतभर उजवीकडे, पाय तेवढेच डावीकडे, किंवा उलट. कापड उरेबात, म्हणजे तिरप्या दिशेने, जास्त ताणतं हे शिंप्याला कोणी सांगावं लागत नाही, पण इथलं मुख्य कारण ते नव्हे. अंग झोळीच्या बाकाला आडवं छेद देतं, त्यामुळे पाठ आणि पाय जवळजवळ एका पातळीत येतात. मेक्सिकोतल्या युकातान भागात घराघरांत झोळ्या टांगलेल्या असतात आणि तिथली माणसं अशीच तिरकी झोपतात. १४९२ मध्ये कोलंबस कॅरिबियन बेटांवर पोहोचला तेव्हा तिथले लोक झोळीत झोपत होते. ‘हॅमॉक’ हा शब्दही तिकडच्याच ‘हमाका’वरून आला. इतक्या जुन्या वापरातून आलेली रीत आपण झोळीसोबत घ्यायची विसरलो. खरं तर आपल्याकडेही बाळाची झोळी कोणी ताठ बांधत नाही. मोठ्यांची बांधतानाच आपण का ओढतो कोण जाणे.

एवढं करूनही माझ्या पोटऱ्यांचा त्रास पूर्ण गेला नव्हता. तिरकं झोपलं की पाय त्या मधल्या ताठ रेघेवरून पलीकडे जातात आणि रेघ नेमकी पोटरीखाली येते. यावर मी बराच वेळ घालवला. माझी पहिली झोळी जेमतेम ९ फुटांची होती आणि माझी उंची ५ फूट ८ इंच. आखूड झोळीत ही रेघ चुकवायला जागाच नसते. म्हणून नायलॉनचं कापड आणून ११ फूट लांब आणि ५ फूट रुंद झोळी स्वतः शिवली. पाय येतात त्या कडेला दोन टक्स (शिवून घेतलेल्या चुण्या) घालून पावलांपुरती खोलगट जागा केली. पायाकडचा पट्टा डोक्याकडच्यापेक्षा ८-१० इंच वर बांधायला लागलो. अंगाचा जड भाग कमरेपासून वर असतो. पायाची बाजू वर असली की माणूस रात्रीतून पायाकडे घसरत नाही आणि कमरेला बसायला हवी ती जागा मिळते.

राहिली गुडघ्यांखालची पोकळी. आधी मी स्वेटरची घट्ट गुंडाळी करून ठेवत असे, पण ती अरुंद आणि कडक असल्याने लवणीतच दाबायची आणि पावलं आणखी बधिर व्हायची. आता हवेची उशी अर्धीच भरतो. मांडीच्या खालच्या भागापासून गुडघ्याच्या खालपर्यंत ती पसरते आणि गुडघा किंचित वाकलेला राहतो. थंडीत कॅरीमॅटचा (फोमच्या चटईचा) अर्धा तुकडा पायांखाली घालतो. त्याने पोटऱ्यांवरचा दाब पसरतो आणि खालून गारठाही लागत नाही.

एका गोष्टीकडे दुर्लक्ष नको. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, किंचित खाली, एक नस हाडावरून अगदी कातडीलगत जाते. तिच्यावर दाब आला की पावलाच्या वरच्या भागाला मुंग्या येतात. म्हणून झोळीच्या ताठ कडेवर पाय टाकून किंवा पायावर पाय टाकून झोपू नये. जाग आली की कूस बदलावी, घोटे फिरवावेत. मुंग्या उठल्यावरही गेल्या नाहीत, पाऊल उचलायला जड वाटलं, किंवा एकाच पोटरीला सूज, ऊब आणि दुखणं आलं, तर झोळीला दोष देत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. शिरांचा त्रास असलेल्यांनी तर नक्कीच.

संपादक महोदय, माझी विनंती इतकीच की पुढच्या वेळी असा लेख छापताना छायाचित्र सैल बांधलेल्या झोळीचं आणि तिरक्या झोपलेल्या माणसाचं घ्यावं. लोक मजकुरापेक्षा चित्र पाहून बांधतात. कृषी पर्यटन केंद्रं चालवणाऱ्यांनीही पाहुण्यांसाठी बांधलेल्या झोळ्या एकदा तपासाव्यात. जमिनीपासून दीड फुटावर बूड येईल एवढी ढील द्यावी, पायाकडची बाजू वर घ्यावी आणि प्रत्येक झोळीत एक मऊ उशी ठेवावी. आणि विकणाऱ्यांनी किती किलो पेलते हे जसं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, तशी लांबीही छापावी. साडेपाच फुटांच्या वरच्या माणसाला ९ फुटांची झोळी विकताना निदान तोंडी तरी सांगावं.

येत्या डिसेंबरात पुन्हा राजमाचीला जाणार आहे. तीच दोन झाडं डोक्यात आहेत.

आपला,
एक निवृत्त शिंपी, तळेगाव दाभाडे