तक्रार बंद करू नका: जॅकेट डोंगरात गळलं, तो घाम नव्हता

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख आणि उत्पादन विभाग प्रमुख

विषय: ट्रेकिंगच्या पावसाळी जॅकेटची खांद्यावरची शिवण गळणे, तसेच न सोडवता बंद केलेली तक्रार पुन्हा उघडणे

तुमच्या ग्राहक सेवेशी आत्ताच बोलणं झालं. फोन ठेवला आणि लगेच मेसेज आला की माझी तक्रार निकाली निघाली आहे. ती निकाली निघालेली नाही. फोनवर कुणी ऐकून घेत नाही म्हणून लिहून देते आहे. हे पत्र पुन्हा त्याच रांगेत टाकू नका. जॅकेट कसं शिवतात हे ज्याला कळतं, अशा माणसाच्या हातात ते पडलं पाहिजे.

जॅकेट कोणतं आणि काय सांगून विकता, हे तुम्हाला माहीत आहे. लेबलवर पाण्याचा दाब सोसण्याचा आकडा 10,000 मिमी, सगळ्या शिवणींना आतून टेप आणि मोठ्या अक्षरांत 'डोंगरातल्या कोणत्याही हवामानासाठी'. हे शेवटचं वाक्य वाचूनच मी एक माझ्यासाठी आणि एक धाकट्या भावासाठी घेतलं.

झालं ते असं. एका दिवसाची चाल होती. सोंडेने वर चढायचं, धारेवरून खिंडीपर्यंत जायचं आणि पलीकडच्या घळीने उतरायचं. अंदाज पावसाचाच होता, तयारीही पावसाचीच होती. सोंड संपेपर्यंत नुसती रिपरिप होती. धारेवर पोचलो तसं धुकं आलं आणि पाऊस आडवा झाला. खालच्या दरीत वारा जेवढा असतो, तेवढाच धारेवर नसतो. डोंगरावर आपटलेली हवा माथ्यावरून दाटीने जाते, म्हणून तिथे तिचा वेग वाढतो. जॅकेटची खरी गरज असते ती अशाच ठिकाणी, आणि नेमकं तिथेच तुमचं जॅकेट गेलं.

आधी उजव्या खांद्यावर गार ठिपका जाणवला. मग तो खाली सरकत गेला आणि थोड्या वेळाने छातीपासून कमरेपर्यंत आतल्या फ्लीसवर, म्हणजे उबदार लोकरी थरावर, ओला पट्टा उमटला. भावाचंही तेच झालं, त्याच्याही उजव्याच खांद्यावर. दोन जॅकेटं, दोन माणसं आणि गळती एकाच जागी. यातून तुमच्या उत्पादन विभागाला काही सुचायला हवं होतं. छातीवरच्या खिशाच्या चेनमधूनही पाणी शिरलं. नकाशाच्या घड्या एकमेकींना चिकटल्या. फोन चालू होता, पण ओल्या पडद्यावर ओलं बोट काही केल्या चालत नव्हतं. धुक्यात वाट शोधायला हातात राहिलं ते होकायंत्र.

हे एवढ्या तपशिलाने सांगायला लागतं आहे, कारण तुमच्याकडचे लोक याला 'थोडं ओलं होणं' म्हणतात. शंभर मीटर चढलं की तापमान साधारण 0.65 अंशाने उतरतं. म्हणजे पायथ्यापासून हजार मीटरवर गेलेला माणूस साडेसहा अंश गार हवेत उभा असतो. त्यात वारा. त्यात अंगाला चिकटलेले ओले कपडे. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं. शरीराचं आतलं तापमान 37 अंशांच्या आसपास असतं आणि ते 35 च्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. मध्ये अंतर दोनच अंशांचं आहे. त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही. पाऊस, वारा आणि ओले कपडे तेवढ्याला पुरतात.

खिंडीच्या अलीकडे भाऊ आडोशाला थांबला. सॅकचं बक्कल त्याला लागेना, बोटं वळतच नव्हती. दात वाजत होते. एरवी अखंड बोलणारा मुलगा विचारलेल्यालासुद्धा एका शब्दात उत्तर देत होता. अडखळणं, बोटं न वळणं, बोलणं जड होणं ही सुरुवातीची लक्षणं डोंगरात जाणाऱ्या प्रत्येकाला शिकवलेली असतात. मी पुढचा बेत तिथेच सोडला. त्याचं ओलं फ्लीस उतरवलं, सॅकच्या तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेला कोरडा थर त्याला घातला, त्यावर ऊब धरणारं आपत्कालीन चकचकीत ब्लँकेट गुंडाळलं आणि वरून तेच गळकं जॅकेट, कारण दुसरं काही नव्हतं. गोड काहीतरी खायला लावलं आणि आल्या वाटेने खाली आणलं. घळीतून उतरलो नाही, कारण एवढ्या पावसात तिथला ओढा फुगलेला असणार हे उघड होतं आणि बोटं न वळणाऱ्या माणसाला फुगलेल्या पाण्यातून नेत नाहीत. तो सुखरूप आहे. ते त्या कोरड्या कपड्यांमुळे. तुमच्या जॅकेटमुळे नाही.

घरी आल्यावर जॅकेटं उलटी करून पाहिली. दोन्हींच्या उजव्या खांद्यावर, मानेपासून बाहीकडे जाणाऱ्या शिवणीवरची टेप सुटलेली आहे. नखाने ओढली नाही, कुठे घासली नाही, आपोआप उचकटली आहे. त्याचे जवळून काढलेले फोटो मी तक्रारीसोबत पाठवले होते. आजवर तुमच्या एकाही माणसाने ते उघडून पाहिलेले नाहीत. हे मी खात्रीने लिहिते आहे, कारण प्रत्येकाने मला 'फोटो पाठवा' असंच सांगितलं.

आता आजच्या फोनविषयी.

सगळं ऐकून घेतल्यावर तुमचा प्रतिनिधी म्हणाला, "मॅडम, आतून ओलं झालं म्हणजे तो घाम असणार." मी सांगितलं की पट्टा खांद्याच्या शिवणीपासून सुरू होऊन खाली आला होता, बगला त्या मानाने कोरड्या होत्या, घाम असा रेघ आखून येत नाही. त्यावर, "चढताना घाम येतोच ना पण?" मी म्हटलं, येतो. "मग बगलेच्या चेन उघडल्या होत्या का?" चढावर उघड्या होत्या, पाऊस वाढल्यावर बंद केल्या, असं मी सांगितलं. "बंद केल्या म्हणून घाम साचला." मी विचारलं, आणि उघड्या ठेवल्या असत्या तर? "तर पाणी आत जाणारच, मॅडम." म्हणजे उघडल्या तरी दोष माझा, बंद केल्या तरी दोष माझा. जॅकेटचा दोष निघेल असं उत्तर त्याच्या कागदावर छापलेलंच नव्हतं.

मग मी त्याला घरी केलेली तपासणी सांगितली. रिकाम्या बादलीच्या तोंडावर जॅकेटचा खांदा बाहेरची बाजू वर ठेवून खोलगट बसवला आणि त्यात मगभर पाणी ओतलं. थोड्याच वेळात खालच्या बाजूने शिवणीच्या रेषेवर ओळीने थेंब धरले आणि बादलीत टपटप पडू लागले. आजूबाजूचं कापड खालून कोरडं ठाक होतं. याचा व्हिडिओसुद्धा तुमच्याकडे आहे. मी त्याला म्हटलं, "त्या वेळी जॅकेटमध्ये माणूसच नव्हता. मग घाम कुणाचा?"

तो गप्प झाला. कळफलकाचा आवाज येत राहिला. मला वाटलं, आता लिहून घेतो आहे. मग म्हणाला, "मॅडम, बादलीवर पाणी ओतणं हा प्रॉडक्टचा योग्य वापर नाही. त्यामुळे हे वॉरंटीत बसणार नाही." मी विचारलं, डोंगरात पावसात घालणं हा तरी योग्य वापर आहे का? उत्तर मिळालं, "हे हलक्या सरींसाठी आहे. आणि सॅकचे पट्टे खांद्यावर घासले असतील तर ती झीज धरली जाते."

ट्रेकिंगचं जॅकेट, आणि त्यावर सॅक घ्यायची नाही. पावसाळी जॅकेट, आणि ते पावसात घालायचं नाही. 'कोणत्याही हवामानासाठी' असं छापून विकलेली वस्तू फोनवर 'हलक्या सरींसाठी' कशी होते? आणि फोन ठेवता ठेवता वरून सल्ला, "पुढच्या वेळी हवामान बघून जात जा." भावाची बोटं वळत नव्हती हे दोन मिनिटांपूर्वीच सांगितलेल्या बाईला हे ऐकवलं! तो मुलगा वाईट नाही, कागद वाचत होता. तो कागद ज्याने लिहिला त्याच्याशी मला बोलायचं आहे.

घामाचा मुद्दा मला समजतो, तेव्हा तो मला शिकवू नका. बाहेरच्या कापडावर पाणी न धरणारा जो लेप असतो तो गेला की कापड पाणी पितं, वाफ बाहेर पडायची वाट बंद होते आणि आत दमटपणा साचतो. तो सगळ्या पाठीवर, बाह्यांवर पसरलेला ओलसरपणा असतो. तो एका शिवणीतून ओघळत नाही. शिवाय ते कारण धरलं तरी लेप तुमचाच आहे. धुणं तुमच्या लेबलप्रमाणे केलं आहे, कपडे मऊ करणारं द्रावण कधी वापरलेलं नाही, जॅकेट ओलं असताना कधी घडी घालून ठेवलेलं नाही.

आणि त्या 10,000 मिमीचंही बोलू. आयएसओ 811 या पद्धतीत कापडाच्या 100 चौरस सेंटिमीटर भागावर पाण्याचा दाब वाढवत नेतात आणि तीन ठिकाणी पाणी फुटलं की तो दाब नोंदवतात. 10,000 मिमी म्हणजे दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब. तुमचं कापड तेवढं टिकत असेल, मी नाकारत नाही, बादलीच्या वेळीही ते कोरडंच राहिलं होतं. पण माणूस सपाट कापड पांघरून डोंगरात जात नाही, शिवलेलं जॅकेट घालून जातो. चार्ल्स मॅकिंटॉश यांनी दोन कापडांमध्ये रबर घालून जलरोधक कापडाचं पेटंट 1823 साली घेतलं, आणि त्यांच्या कापडाचे कोट शिंप्यांनी शिवले तेव्हा सुईच्या भोकांतूनच पाणी आत आलं. दोनशे वर्षांपासून माहीत असलेली ही गोष्ट आहे. शिवणीवरची टेप त्याचसाठी असते. ती सुटली की आकडा कितीही मोठा छापा, जॅकेटची चाळणी होते.

मला राग आहे त्याहून जास्त वाईट वाटतं आहे. तुमचंच याआधीचं जॅकेट मी वर्षानुवर्षं वापरलं. खांद्याचा रंग उडाला, चेन ओढायची पट्टी तुटली, पण शिवण गळली नाही. डोंगरात नव्याने येणाऱ्या कितीतरी जणांना मी तुमचं नाव सांगितलं, 'बाकी कशावर वाचवा, जॅकेटवर वाचवू नका' असं सांगून तुमच्याकडे धाडलं. त्यांच्यातल्या कुणाच्या अंगावर आज याच उत्पादन-गटातलं जॅकेट असेल आणि तो एकटाच धारेवर असेल, कोरडा थर नसेल, तर? हा प्रश्न मी आजच्या फोनवरही विचारला. 'तुमचा अभिप्राय नोंदवला आहे' असं सांगण्यात आलं. हा अभिप्राय नाही, इशारा आहे.

तेव्हा लेखी उत्तर हवं आहे. दोन्ही जॅकेटांचे पूर्ण पैसे परत करा. बदली जॅकेट नको, त्याच टेपचं दुसरं घेऊन मी काय करू? दोन्हींवरचा उत्पादन-गट क्रमांक मी पहिल्याच मेलमध्ये दिला आहे. त्या गटातली शिल्लक जॅकेटं पाण्याखाली धरून तपासा, दोष निघाला तर विक्री थांबवा आणि ज्यांनी ती आधीच घेतली आहेत त्यांना स्वतःहून कळवा. तोवर लेबलवरचं 'डोंगरातल्या कोणत्याही हवामानासाठी' हे वाक्य काढून टाका. तुमचा स्वतःचा प्रतिनिधी ते खरं मानत नाही. आणि ग्राहक सेवेच्या कागदावरून ते घामाचं उत्तर काढा. फोटो न बघता ते यापुढे कुणालाही देऊ नका.

जॅकेटं मी कुरिअरने पाठवणार नाही. 'तपासणीत दोष आढळला नाही' असा शेरा मारून ती परत येतील किंवा येणारच नाहीत, एवढा विश्वास आता उरलेला नाही. तपासायचं असेल तर तुमचा माणूस घरी पाठवा, बादली आणि पाणी मी देते. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर फोटो, व्हिडिओ आणि 'घाम' म्हणणारे सगळे मेल जोडून मी ग्राहक न्यायालयात तक्रार दाखल करणार आहे. अर्जाचा मसुदा तयार आहे.

आणि पुन्हा सांगते, फोटो आधीच पाठवलेले आहेत. ते उघडून बघा, मगच फोन करा.

तुमची ग्राहक