गाडीचा उंबरा

कोव्हेंट्री
रविवार, दुपार

ती. आबांस आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

मी बरी आहे. आधी तेच लिहिते, कारण मागच्या फोनवर आई तीनदा "खोकतीयस का गं?" म्हणाली. तो आजाराचा खोकला नव्हता. मी गॅरेजमध्ये होते आणि घासलेल्या पत्र्याची धूळ घशात गेली होती. मास्क दोन मिनिटांसाठी खाली घेतला होता, तेवढ्यात तुझा फोन आला. ड्युटीचं, जेवणाखाण्याचं सगळं तसंच चाललंय, ते पुन्हा लिहीत नाही. कांदा-लसूण चटणी अजून अर्धी बरणी शिल्लक आहे. आबांना चष्म्याशिवाय वाचता यावं म्हणून अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

फोनवर जे सांगायचं राहत गेलं ते आता लिहिते. मी एक गाडी घेतलीय. जुनी, १९७१ सालची, छप्पर नसलेली. एमजी कंपनीची, मॉडेलचं नाव एमजीबी. घेतली तेव्हा ती चालत नव्हती, एका शेडमध्ये सतरा वर्षं पडून होती. मी ती घरच्या गॅरेजमध्ये स्वतः दुरुस्त करतेय. गेल्या ऑगस्टपासून.

आई, लगेच फोन उचलू नकोस. पुढचं वाच.

आबा, तुम्हाला आपल्या कोल्हापूरचा दसरा चौक आठवत असेल. मी चार-पाच वर्षांची होते, तुम्ही खांद्यावर घेतलं होतं आणि महाराजांची मेबॅक मोटार आली होती. सगळी माणसं सोनं लुटायची वाट बघत होती आणि मी विचारलं, "आबा, हिला छप्पर का नाही?" तुम्ही म्हणालात, "छप्पर नसलं की गाडी खालनं मजबूत करावी लागती." एवढी लहान असून ते वाक्य माझ्या लक्षात राहिलं. त्याचा अर्थ मात्र कळायला हे गॅरेज लागलं.

या गाडीला खाली वेगळी चौकट नाही, पत्र्याचीच बॉडी सगळा भार घेते. बंद गाडीला वरून छप्पर धरून ठेवतं. हिला ते नाही. त्यामुळे पुढची चाकं आणि मागची चाकं यांच्यामध्ये जो ताण येतो तो सगळा दोन्ही दारांखालच्या पत्र्याच्या पेट्यांवर. इथं त्याला सिल म्हणतात. मी उंबराच म्हणते. बाहेरून एक पत्रा दिसतो, पण आत एक उभी पट्टी आहे, खाली एक पन्हळीसारखा तुकडा आहे, आणि हे सगळं मिळून पेटी होते. बाहेरून रंग ठीक होता. मी मधोमध जॅक लावून गाडी उचलली, तर दार उघडेना. दाराची फट बदलली होती. म्हणजे गाडी कमरेत वाकत होती. स्क्रूड्रायव्हर टोचला, तर पत्रा खारीसारखा पापुद्र्यापापुद्र्यानं सुटला.

आता आई, एक गोष्ट नीट ऐक, कारण तुला ती पटणार नाही. हा गंज कशानं आला? मिठानं. इथले लोक रस्त्यावर मीठ टाकतात. मूठभर नव्हे, लॉरीच्या लॉरी. थंडीच्या महिन्यांत पारा उतरणार असं कळलं की रात्री कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, गाड्या निघतात आणि मागच्या फिरत्या चकतीतून रस्ताभर मीठ उडवत जातात. आपल्या खायच्या मिठासारखं ते पांढरं नसतं, तपकिरी खडे असतात. चेशायर भागात विन्सफर्डला जमिनीच्या पोटात मिठाची मोठी खाण आहे, १८४४ पासूनची. गल्लीच्या कोपऱ्यावर पिवळी पेटी असते, तिच्यातही मीठच. चढावर गाडी घसरायला लागली की लोक त्यातलं फावड्यानं टाकतात, आणि कुणी चोरत नाही. का टाकतात ते सांगते. तुला आजीकडचं पॉट आईस्क्रीम आठवतं? मे महिन्यात बर्फाच्या चुऱ्यात आपण जाडं मीठ घालायचो आणि बर्फ लगेच पाझरायला लागायचा. तेच. मीठ मिसळलं की पाणी शून्य अंशाला गोठत नाही, आणखी खाली जावं लागतं. त्यामुळे रस्त्यावर बर्फाची काच धरत नाही आणि गाड्या घसरत नाहीत. माणसं वाचतात, हे खरंच आहे. आमच्या वॉर्डात पडून हात मोडलेली म्हातारी माणसं येतात तेव्हा मला त्या लॉऱ्यांचं महत्त्व कळतं. पण मिठावर पाय पडू द्यायचा नाही, हे तू लहानपणापासून बजावलेलं. पहिल्या हिवाळ्यात मी फुटपाथवरचे ते खडे चुकवत चालायचे. मैत्रिणीला वाटायचं मला गुडघेदुखी आहे. आणि दृष्ट काढायला जे मीठ आपण मुठीत धरतो ते इथं टायरखाली. अजूनही मला ते बघवत नाही. तेच खारं पाणी चाकांनी वर उडतं, उंबऱ्याच्या पेटीत शिरतं, आतल्या चिखलात राहतं आणि पत्रा आतून खातं. कितीतरी हिवाळे!

तर ते उंबरे मी बदलले. वेल्डिंगचा संध्याकाळचा वर्ग लावला होता, दहा आठवडे. पेट्रोलची टाकी काढली, सीटच्या मागच्या सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या काढल्या, गालिचे काढले, मगच ठिणगी पाडली. कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवे लोखंडी पाइप वेल्ड करून घेतले, नाहीतर उंबरा कापल्याबरोबर गाडी मधेच बसते. एका वेळी एकच बाजू. पहिली शिवण वाकडी आली, ती घासून काढली आणि पुन्हा मारली. शेवटच्या वेल्डच्या आधी दार लावून फट तपासली, वर-खाली सारखी येईपर्यंत. एका बाजूला सहा आठवडे गेले, दुसऱ्या बाजूला चार.

आई, तुझी काळजी मला कळते. वेल्डिंगचा गॅस पेट घेणारा नाही, तो फक्त हवा लांब ठेवतो. शेजारी आग विझवायचं नळकांडं आणि वाळूची बादली असते. जुन्या ब्रेकच्या शूजमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं, म्हणून ती धूळ फुंकली नाही, ओल्या फडक्यानं पुसून पिशवीत बंद केली. इंजिन आत कधीच चालू करत नाही, गाडी बाहेर ढकलूनच. हातही काळे राहत नाहीत. ड्युटीवर जायच्या आधी रात्रीच सगळं घासून निघतं. नर्सच्या हातांची मला तुझ्याइतकीच काळजी आहे. आणि मी एकटी नसते. शेजारचे आजोबा येतात, ७८ वर्षांचे, इथल्याच एका मोटार कारखान्यात जन्मभर काम केलेले. आजी चहा आणून देतात आणि गॅरेजच्या दारातच खुर्ची टाकून बसतात.

आबा, हत्यारं बघून तुम्हाला उद्यमनगरातला आपला कारखाना आठवेल. मिलीमीटरचे पाने चालत नाहीत, सगळं इंचात. तुम्ही "साडेतीन सूत दे, चार सूत दे" म्हणायचा आणि मी शाळेच्या युनिफॉर्ममध्ये पाने उचलून द्यायचे, ते सगळं इथं कामाला आलं. आई, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आजोबा सात सोळांश म्हणतात, मी मनात साडेतीन सूत म्हणते आणि हात बरोबर पान्यावर जातो. गंजलेला नट हिसकायचा नाही, लालभडक तापवायचा, मग सोडवायचा, हेही तुमचंच. सतरा नट असे सोडवले, एकही बोल्ट तुटला नाही. खंडेनवमीला सगळ्या पान्यांना हळदकुंकू लावलं. झेंडू मिळाला नाही, शेवंती वाहिली.

या गाड्या १९६२ ते १९८० इथून दक्षिणेला ॲबिंग्डन गावात बनत होत्या, पाच लाखांहून जास्त निघाल्या. १९८० च्या ऑक्टोबरात कारखाना बंद झाला. पण डाय, म्हणजे पत्रे दाबायचे साचे, मोडीत गेल्या नाहीत. त्याच डायवर १९८८ पासून अख्खी नवी बॉडी पुन्हा दाबून मिळायला लागली. म्हणून मला दोन्ही उंबऱ्यांचे पत्रे विकत मिळाले, टपालानं घरपोच. आजोबांनी हे सांगितलं तेव्हा मला तुमचा लेथ आठवला आणि मी आत जाऊन बसले.

आबा, हे लिहायचं म्हणूनच पत्र घेतलं बहुतेक. तुम्ही कारखाना बंद केलात त्या आठवड्यात मी सुट्टी नाही म्हणून कळवलं. दिवाळीला खरोखरच मिळाली नव्हती. पण त्या आठवड्यात मी मागितलीच नव्हती. लेथ बाहेर निघताना बघायची माझी तयारी नव्हती. दादानं व्हिडिओ पाठवला, चेन पुलीनं लेथ टेम्पोत चढतोय आणि तुम्ही शेवटपर्यंत फडक्यानं त्याचा बेड पुसताय. हॉस्पिटलच्या कपडे बदलायच्या खोलीत मी तो बघितला. तुम्हाला फोन केला तेव्हा पावसाबद्दल बोलले. तुम्हीही पावसाबद्दलच बोललात.

इंजिन मात्र सुरू झालंय. १७९८ सीसी, चार सिलिंडर, एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर. गुढीपाडव्याच्या दिवशी बाहेर ढकलून सेल मारला, तिसऱ्या खेपेला धरलं. आई, आजी खुर्चीवरून उठून नाचल्या. पेट्रोल महागातलं टाकावं लागतं, कारण साध्या पेट्रोलमध्ये २०२१ पासून दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते जुने रबरी पाइप खातं. आपल्या कारखान्यांच्या मळीतून निघतं तेच. आबा, तुमच्या जुन्या स्कूटरचे पाइपही एकदा बघून घ्या.

कागदपत्रांची काळजी नको. चाळीस वर्षांवरच्या जुन्या गाडीला इथं रस्त्याचा कर माफ आहे आणि दरवर्षीची तपासणीही सक्तीची नाही. मी तरी तपासून घेणारच आहे. वरचं कापडी हूड अजून लावलेलं नाही. ते थंडीत आखडतं, ऊन पडल्यावरच ताणून बसवायचं असतं. आपले रिक्षाचं हूड शिवणारे असते तर एका दुपारी करून दिलं असतं.

आता पैशाचं. गाडी अडीच हजार पौंडांना पडली, म्हणजे पावणेतीन-तीन लाख. सुट्या भागांना आणखी जवळजवळ तेवढेच गेले. ते जास्तीच्या ड्युट्यांचे पैसे आहेत. आईच्या गुडघ्याचे वेगळे ठेवलेत, त्यातल्या एका पैशालाही हात लावलेला नाही. वरच्या मजल्याचा हप्ताही चुकलेला नाही, दादाला विचारा. तरी वर्षभर तुम्हाला सांगितलं नाही, ही माझी चूक. आई, तू मागच्या महिन्यात डॉक्टरांकडे रिक्षाऐवजी बसनं गेलीस हे वहिनीनं सांगितलं, त्या रात्री मला झोप लागली नाही. गुडघ्याचं ऑपरेशन पावसाळ्याआधी करून घे. मी येतेय, तारीख ठरव, सुट्टी यावेळी मागितलीय आणि मिळालीय.

मावशीनं सांगितलेल्या गडहिंग्लजच्या स्थळाशी एकदा फोनवर बोलले. गाडीचा फोटो मीच पाठवला, लपवून काही करायचं नाही असं ठरवलं होतं. त्यांनी विचारलं, दारात आडवे पाइप कशाला? मी अर्धा तास सांगत होते आणि त्यांनी मधे न बोलता ऐकून घेतलं. अजून हो म्हटलेलं नाही, नाही पण म्हटलेलं नाही. मावशीला एवढंच सांग. पत्रिका सगळीकडे पाठवू नका.

आणि आबा, तुमचा पासपोर्ट काढा. तिकीट मी बघते. तुम्ही येऊन एकदा या इंजिनाचा आवाज ऐका. तुम्ही ऑइल इंजिनाला स्क्रूड्रायव्हरचा दांडा कानाला लावून ऐकायचा, तशी मी स्टेथोस्कोपची नळी कार्बोरेटरच्या तोंडाशी धरते. दोन्हींचा हिस्स आवाज सारखा यायला हवा. पुढच्याचा येतो, मागच्याचा मधेच हलतो आणि इंजिन एका चालीवर राहत नाही. झडप फिरवणाऱ्या दांडीच्या, म्हणजे स्पिंडलच्या, टोकाला तेलाचा थेंब सोडला की क्षणभर सुधारतो. म्हणजे तिथून हवा ओढतोय, भोक झिजलंय. त्यात बसवायचे बुश, म्हणजे धातूच्या छोट्या नळ्या, इथं विकत मिळतात, मी मागवलेले नाहीत.

पलीकडच्या शेडमधले मामा तुम्हाला तासभर लेथ देतील ना? पाकिटात कागदात गुंडाळून जुना स्पिंडल पाठवलाय, मापासाठी. टोकाला झीज आहे, मधलं माप धरा. गनमेटलचे दोन बुश हवेत. बाहेरचं माप थोडं जास्त ठेवा, इथं बसवताना मी घासून घेईन.

कळावे,
तुमची लेक