मॉडेम बदलण्याआधी लाइन बघा

संपादक महोदय,

टेलिफोनच्या तारा जोडण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. आता निवृत्त आहे, तरी ओळखीची माणसं नव्या मॉडेमचं खोकं घेऊन येतात आणि विचारतात, 'यावर ३०० एमबीपीएस लिहिलंय, मग इंटरनेट का रडतंय?' फसगत होते ती बहुतेक वेळा त्या आकड्यानेच, म्हणून हे पत्र.

तो आकडा वाय-फायच्या वेगाचा. म्हणजे मॉडेम आणि मोबाइल यांच्यामधला, तोही कागदावरचा. टेलिफोनच्या तारेतून घरात किती येणार, हे तार आणि एक्स्चेंजमधलं यंत्र ठरवतं. या तारेवरून इंटरनेट देण्याच्या पद्धतींना डीएसएल म्हणतात. त्यातलं जुनं एडीएसएल फार तर ८ एमबीपीएस देतं, एडीएसएल२ प्लस २४, आणि व्हीडीएसएल२ कमी अंतरावर १०० पर्यंत जातं. एक्स्चेंजमध्ये एडीएसएल२ प्लस असेल, तर घरी व्हीडीएसएलचा भारी मॉडेम आणून वेग वाढत नाही. तेव्हा तिकडे काय आहे, हे सेवा देणाऱ्याला आधी विचारा.

दुसरं म्हणजे, जुन्या मॉडेमच्या सेटिंगमध्ये 'डीएसएल स्टेटस' हे पान उघडा. तिथे डेसिबलमधले दोन आकडे दिसतात. ॲटेन्युएशन म्हणजे तारेत सिग्नल किती झिजला. तो जितका कमी तितका बरा. तो ५० च्या पुढे असेल तर तार फार लांबची आहे, तिथे कोणताही मॉडेम फारसं काही करू शकत नाही. एसएनआर मार्जिन म्हणजे सिग्नल तारेतल्या खरखरीला पुरून किती उरतो. ते ६ च्या खाली आलं की लाइन तुटायला लागते. हे मार्जिन मात्र पुष्कळदा घरातल्या घरात सुधारतं. एकाच तारेवर बोलणं ४ किलोहर्ट्झच्या आत चालतं आणि इंटरनेट साधारण २५ च्या वर. दोघांना वेगळं ठेवतो तो स्प्लिटर. आतल्या खोलीतला फोन स्प्लिटरच्या आधीच्या तारेवरून घेतला असेल, तर रिंग वाजली की इंटरनेट जातं. हाताने पीळ देऊन टेप गुंडाळलेले, हिरवे पडलेले जोड मी किती तरी घरांत पाहिलेत. बाकी सगळे फोन काढा, मॉडेम लाइन घरात शिरते त्या पहिल्या पेटीला आखूड तारेने लावा आणि आकडे पुन्हा बघा. ते सुधारले तर दोष वायरिंगचा.

एवढं करूनही मॉडेम घ्यायचाच असेल, तर त्याला टेलिफोनची बारीक पिन बसेल अशी आरजे-११ ची जागा आहे ना, ते बघून घ्या. नुसत्या राउटरला ती नसते. घर मोठं असेल तर चांगला चालणारा मॉडेम ब्रिज मोडमध्ये, म्हणजे फक्त लाइन जोडण्यापुरता, ठेवून वाय-फायसाठी वेगळा राउटर लावणं मला जास्त पटतं.

उत्पादकांनी खोक्यावर वाय-फायच्या आकड्याइतक्याच ठळक अक्षरांत डीएसएलचा प्रकार छापावा आणि सेवा देणाऱ्यांनी ग्राहकाच्या लाइनवर कोणती पद्धत चालते, ते बिलावरच लिहावं. आपल्या वृत्तपत्राने ही मागणी लावून धरावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त टेलिफोन कर्मचारी