काँग्रेस रेडिओचे पत्तेही छापा

महोदय,

ऑगस्ट क्रांतिदिनाच्या आपल्या पुरवणीतला उषा मेहतांवरचा लेख आवडला. पण १९४२ च्या ‘चले जाव’ चळवळीत इंग्रजांपासून लपवून चालवलेला काँग्रेस रेडिओ म्हणजे २२ वर्षांच्या एका धीट मुलीचा आवाज, एवढंच त्यातून हाती लागतं. तो रेडिओ चालत कुठून होता, याचा लेखात उल्लेखच नाही.

‘हिंदुस्थानातून कुठूनतरी’ असं सांगत ४२.३४ मीटरवर बोलणारं हे केंद्र आम्हा गिरगावकरांच्या अगदी शेजारी होतं. चौपाटीवरची ‘सी व्ह्यू’, गांधीजींच्या मुक्कामाचं मणिभवन आहे त्याच लॅबर्नम रोडवरचा ‘अजित व्हिला’, सँडहर्स्ट रोडचं ‘लक्ष्मी भवन’, गिरगावातली पारेखवाडी आणि महालक्ष्मीचा ‘पॅरडाइज’ बंगला. पोलीस रेडिओलहरींचा माग काढत फिरायचे, म्हणून एका जागी फार दिवस टिकायचं नाही. नवी जागा भाड्याने घ्यायची, कुणाला संशय न येता यंत्र हलवायचं. हे एकट्यादुकट्याचं काम नव्हतं. बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी यांनाही उषाताईंबरोबर शिक्षा झाली. ‘शिकागो रेडिओ’ या ध्वनिक्षेपकांच्या कंपनीच्या नानक मोटवानींनी साहित्य पुरवलं. राममनोहर लोहिया पाठीशी होते.

आणि वृत्तपत्रवाल्यांनी तर हे आवर्जून सांगायला हवं. त्या काळात छापण्यावर बंधनं होती. विदर्भातल्या आष्टी-चिमूरमध्ये चळवळीच्या वेळी काय घडलं, हे लोकांना या रेडिओने ऐकवलं. गंमत म्हणजे पोलीस रोज कान लावून ऐकत, उतरवून घेत. ज्यांना हा आवाज बंद करायचा होता, त्यांच्याच दप्तरात तो जपला गेला!

१२ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री पोलीस दारं फोडून आत शिरले, तेव्हा ‘वंदे मातरम्’ची तबकडी चालू होती. बंद करा म्हटलं, तरी उषाताईंनी ती थांबवली नाही. पोलिसांना ही जागा दाखवली ती यंत्र बनवणाऱ्या तंत्रज्ञानेच. लेखात तो फितूरही नाही. असायला हवा होता.

आता या भागात पुनर्विकासाचा धडाका आहे. जुन्या वाड्यांच्या जागी टॉवर येतात, त्यांना परदेशी नावं मिळतात. मूळ इमारत उभी असो वा पाडलेली, महापालिकेने या पाचही ठिकाणी मराठीत फलक लावावेत. विकासकाला परवानगी देताना तशी अटच घालावी. आणि पुढच्या ऑगस्टमधल्या पुरवणीत आपण या पत्त्यांचा नकाशा छापावा. शाळेच्या सहली मणिभवनला येतातच. तिथून चौपाटीपर्यंत पोरं पायी जातील.

– एक गिरगावकर वाचक, मुंबई