गंजावर रंग मारला म्हणजे मेंटेनन्स झाला का?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बडोदा जिल्ह्यातला मही नदीवरचा गंभीरा पूल 9 जुलै 2025 ला पडला तेव्हापासून बडोद्यात जो तो पुलांबद्दल बोलतोय, बोलायलाच हवं, पण तो पूल काँक्रीटचा होता आणि मला काळजी वाटते ती लोखंडी कामांची, म्हणजे होर्डिंगचे सांगाडे, पादचारी पूल, बाजारातल्या शेड. यांना वरचेवर रंग मारतात आणि रंग चकाचक दिसला की सगळे निर्धास्त.

आमच्या भागातल्या एका होर्डिंगचा खांब बुंध्याशी बघा. पेव्हर ब्लॉक बसवताना बेस प्लेट (खांबाच्या तळाची लोखंडी पाटी) नि बोल्ट मातीत गाडून टाकलेत, वर सिल्व्हर पेंट, पण जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत रंगाला फुगे आलेत आणि नखाने खरवडलं तरी तपकिरी पापुद्रे निघतात, एकाखाली एक. तिथे पाणी मुरतं आणि सुकतच नाही. पावसाने धुतली जाणारी उघडी बाजू त्या मानाने लवकर सुकते, खरी खराबी आडोशाला, सांध्यात, जिथे धूळ आणि कबुतरांची घाण साठते. त्यात कारखान्यांच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड बसला की पाऊस नसतानाही नुसत्या दमट हवेने लोखंड ओलं राहतं.

लोक म्हणतात एखाद मिलिमीटर गेलं तर काय झालं. 10 मिमीची प्लेट दोन्हीकडून एकेक मिमी खाल्ली गेली की उरली 8. ओढ सोसायची ताकद 20 टक्के कमी झाली, पण प्लेटचा ताठपणा जाडीच्या घनावर ठरतो, हिशोब करा, तो जवळपास निम्म्यावर येतो!

शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, दोन प्लेटींच्या फटीत साठला की प्लेटी फाकवतो, बोल्ट ताणतो. 1983 मध्ये अमेरिकेत कनेक्टिकटला मायनस नदीवरच्या पुलाचा एक भाग असाच पडला, रस्त्याचं काम करताना पाणी जायची भोकं बुजवलेली, पाणी सांध्यांत उतरलं, गंजाने फुगून हँगर, म्हणजे पुलाचा तो भाग टांगून धरणारी लोखंडी पट्टी, तिच्या पिनवरून ढकलली आणि 3 माणसं गेली. आपण पेव्हर ब्लॉकखाली बोल्ट पुरतो ते वेगळं काय करतो?

ज्यांच्या ताब्यात ही स्ट्रक्चर्स आहेत त्यांनी बुंधे आधी उघडे करावेत, गंज काढून स्वच्छ लोखंड दिसेपर्यंत घासावं, मग अल्ट्रासॉनिक गेजने (ध्वनिलहरी सोडून धातूची जाडी सांगणाऱ्या मशीनने) जाडी मोजावी आणि मूळ ड्रॉइंगशी ताडून बघावी, रंग त्यानंतर. हे मशीन हातात मावतं, एका खांबाला काही मिनिटं पुरतात. आणि मोजलेली जाडी आणि तारीख त्या खांबावरच लिहा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल.

आपला,
एक निवृत्त फॅब्रिकेशन सुपरवायझर,
दांडिया बाजार, बडोदा