गौरींच्या रात्रीचा फेर

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

आम्ही तिघेही हरतालिकेच्या आदल्या दिवशी गावी पोहोचत आहोत आणि गौरी-गणपतींचे विसर्जन झाल्यावरच परतीला निघू. यंदाच्या गौरींच्या रात्रीविषयी मनात एक विचार पक्का झाला आहे. तो फोनवर घाईने सांगण्यापेक्षा सविस्तर लिहावा, म्हणून हे पत्र.

बाबा, तुमचा जाखडीचा नाच आणि आई, तुझ्या फुगड्या व गाणी जतन व्हावीत, असे मला मनापासून वाटते. आईला ही गाणी तिच्या आईकडून मिळाली. त्यांतील कित्येक ओळी कोणत्याही छापील संग्रहात मिळणार नाहीत, आणि फुगडी घालताना ती जे उखाणे घेते, ते तर तिच्याखेरीज कोणालाच येत नाहीत. बाबा, तुमच्या वहीतील गण आणि गौळणी वाचता येतात, पण त्यांच्या चाली तुमच्या गळ्यातच आहेत. त्यामुळे ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरण झालेच पाहिजे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. प्रश्न आहे तो हे काम केव्हा करायचे आणि त्या वेळी फेरात कोण असायचे, याचा.

बुवा, मृदंगवाला आणि झांजवाले मध्ये बसतात आणि त्यांच्याभोवती जाखडीचा फेर फिरतो. फुगडीला तर समोरून दुसरे दोन हात लागतातच. घरातील चार माणसे मोबाइल घेऊन भिंतीशी उभी राहिली, की फेर तेवढाच लहान होतो आणि चित्रीकरणात उतरतो तोही हा उणा फेरच. ज्यांच्यासाठी आठवण साठवायची, तीच माणसे त्या आठवणीत नाचताना दिसत नाहीत, याचे मला वाईट वाटते.

या विषयावर झालेले काही संशोधन वाचनात आले. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी संग्रहालयात केलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. ज्या वस्तूंची छायाचित्रे काढली, त्या वस्तू लोकांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या, मात्र एखाद्या वस्तूचा ठरावीक भाग जवळून टिपला असता स्मरणाची ही हानी झाली नाही, असे त्यांना आढळले. पुढे २०१७ साली अलिक्झांड्रा बराश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की स्वतःच्या इच्छेने छायाचित्रे काढणाऱ्यांना पाहिलेले अधिक चांगले आठवते, पण ऐकलेले कमी आठवते. हे वाचून मला आपले अंगणच आठवले, कारण आपल्या नाचात डोळ्यांपेक्षा कानाचे काम मोठे आहे. पाय मृदंगाच्या मागे जातो, गाणे चढत जाते तशी पावलांची गती वाढते, आणि आई, तुझ्या उखाण्याचा शेवटचा शब्द कानांवर आला नाही, तर समोरच्या बाईला उलटून उत्तर देता येत नाही. छायाचित्रे कितीही घेतली, तरी कान त्या रात्री दुसरीकडे असेल तर गाणे मनात उतरत नाही.

म्हणून माझी विनंती अशी आहे. गौरी यायच्या आधी एखाद्या सकाळी, पूजा-नैवेद्य आटोपल्यावर, आपण पडवीत निवांत बसू. आईने गाणी म्हणावीत, मध्ये थांबावे, विसरलेली ओळ आठवून पुन्हा म्हणावी. ते सर्व मी मुद्रित करून घेईन. बाबांनी वही उघडून एकेक चाल गाऊन दाखवावी. बाबांच्या पावलांचे आणि फुगडीत आई हातांची पकड कशी घेते त्याचे चित्रीकरण मी अगदी जवळून करीन, कारण फेर दुरून टिपला, तर पाऊल कुठे उचलले आणि कुठे टेकले, हे काही केल्या कळत नाही.

गौरीपूजनाच्या रात्री मात्र मोबाइल कोणाच्याही हातात नसावा. सुरुवातीचा थोडा वेळ एक मोबाइल खिडकीत उभा करून ठेवीन, नंतर तोही बंद करीन. भावंडांना आणि पाहुण्यांना मी आधीच तसे सांगून ठेवीन, म्हणजे तुम्हाला कोणाला काही बोलावे लागणार नाही. ज्यांना फोटो हवे असतील, त्यांनी दुपारी ओवसा भरताना काढावेत. त्या वेळी उजेडही चांगला असतो आणि सुपे हातात घेतलेल्या सुनांनाही ते आवडेल.

तुमच्या नातीला जाखडी शिकायची आहे. तिला तुमचे जुने चित्रीकरण मी दाखवले होते, पण ते पाहून ती फक्त हात हलवते. पाय कोणीतरी शेजारी उभे राहून शिकवावा लागतो. बाबा, डॉक्टरांनी गुडघ्यांमुळे उड्या मारायला मनाई केली आहे, ती पाळावीच लागेल. तुम्ही दिवसा तिला संथ गतीत पावले दाखवावीत आणि रात्री झांज घेऊन बुवांजवळ बसावे. फेरात तुमच्या जागी ती आणि मी उतरू. आई, तू बसफुगडीचा हट्ट धरू नकोस, पण नातीबरोबर एक साधी फुगडी नक्की घाल. तिची आईही झिम्म्यासाठी आतापासून उत्सुक आहे.

बाबांची घुंगरांची चाळ नातीच्या पायाला फार मोठी होते. शक्य असल्यास आम्ही येण्यापूर्वी पट्ट्यावरचे थोडे घुंगरू उतरवून लहान पट्ट्यावर ओवून ठेवावेत. तिच्या घोट्याचे माप दोऱ्याने घेतले आहे आणि तो दोरा याच पाकिटात ठेवला आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुमचा मुलगा